नर माशीचे आजोबा

आमच्या घरात मासे आजोबा करायचे. आई सकाळी सातला घर सोडायची. परळच्या एका सूतिकागृहात ती आया होती. आजी मी पाहिलेलीच नाही. आजोबा, म्हणजे आईचे वडील, गिरणीतून नुकतेच रिटायर झाले होते आणि घोडपदेवच्या आमच्या खोलीतला स्टोव्ह त्यांनी आपण होऊन ताब्यात घेतला होता. भायखळ्याच्या बाजारातून ते बांगडे आणत, मोरीत उकिडवे बसून निगुतीनं साफ करत आणि तिरफळं ठेचून घालून असं तिखलं करत की जिन्यावरून जाणारा माणूस एक पायरी थांबून पुढे जाई. भात आईनं सकाळीच करून ठेवलेला असे. जेवताना ते स्वतःच्या ताटापेक्षा माझ्या ताटाकडे जास्त बघत. मी काट्याला मांस सोडलं तर त्यांना ते सहन होत नसे. ‘मासो असो टाकूचो नाय रे झिला,’ असं म्हणून माझ्या ताटातला काटा उचलून ते स्वतः चोखत. शाकाहारी मित्रांना सांगून पटत नाही, पण बांगड्याचा काटा नीट चोखणं ही शिकायची गोष्ट आहे आणि मी ती त्यांच्याकडून शिकलो.

आजोबांचा आवाज मोठा होता. चाळीस वर्षं ते साचेखात्यात होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग. असे शेकडो साचे एका छपराखाली चालत आणि त्या धडधडाटात शेजारच्याचा शब्द शेजारच्याला ऐकू येत नसे. त्यात त्यांचे कान अर्धे गेले. पण जाताना तिथली एक विद्या ते बरोबर घेऊन आले होते. साचेखात्यातली माणसं एकमेकांचे ओठ वाचत. दहा साचे पलीकडचा माणूस ‘चहाला येतोस का’ म्हणाला तर इकडच्याला बरोबर कळे. रविवारी दुपारी गॅलरीत बसून ते समोरच्या चाळीतल्या बायका काय बोलतायत ते आम्हाला सांगत. ‘ती म्हणता, सुनेन डाळीत मीठच घालूक नाय.’ आई कावायची, ‘बाबा, गप बसा हो, त्यांना ऐकू जाईल.’ कारण हे सगळं ते दोन्ही चाळींना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत असत. कुजबुज नावाचा प्रकार आमच्या घरात नव्हता. तरीही एक विषय त्या घरात कधी निघत नसे, आणि तो म्हणजे माझे वडील.

माझे वडील मी तीन वर्षांचा असताना गेले. वारले नाहीत, गेले. कोणी म्हणे अहमदाबादला आहेत, कोणी म्हणे तिथं त्यांचा दुसरा संसार आहे. आईनं मला कडेवर घेतलं आणि ती आपल्या वडलांच्या खोलीत येऊन राहिली, एवढंच मला माहीत. कुठल्याही गोष्टीबद्दल गप्प राहणं आजोबांना जमत नसे, पण या एका बाबतीत ते इतके गप्प राहिले की मीही कधी विचारलं नाही. शाळेत मात्र विचारणारे होते. आपल्याकडे माणसाचं नावच असं असतं की मध्ये बाप बसलेला असतो. आपण, बाप, आडनाव. हजेरी घेतली की तो रोज हाक मारून पुढे येतो आणि मग कोणीतरी विचारतंच, काय करतात रे तुझे वडील? आठवीत असताना मी एकदा सांगून टाकलं, बोटीवर आहेत. खालच्या मजल्यावरच्या एका शेजाऱ्यांचा मुलगा बोटीवर होता, त्यामुळे बोटीवरच्या बापाचं सामान मला तोंडपाठ होतं. सुगंधी साबण, खोडरबर, कधी येईल ते सांगता न येणं. हे शेवटचं तर फारच सोयीचं होतं. कॉलेजात गेलो तेव्हा ती बोट माझ्याबरोबर आली. दादरचा सुहास माझा तिथला जवळचा मित्र. त्याच्या घरी बैठकीच्या खोलीत वडील पेपर वाचत बसलेले असत आणि ‘काय दिनेश, बोट कुठे आहे सध्या?’ असं आपुलकीनं विचारत. मी एखादं बंदर सांगत असे. भूगोल माझा चांगला होता.

प्राणिशास्त्र शिकवायला आम्हाला कोतवालबाई होत्या. बारीक चणीच्या, सुती साडीतल्या, वर्गात आल्या की आधी खिडक्या उघडणाऱ्या. मी आज सत्तरीला टेकलोय, स्वतः तीस-बत्तीस वर्षं शिकवलं, पण त्यांच्यासारखं शिकवणारं माणूस मला परत दिसलं नाही. पुस्तकात आहे म्हणून एखादी गोष्ट त्या सांगत नसत. ती आधी दाखवत. नर आणि मादी कशी ठरते हा धडा आला तेव्हा त्यांनी आम्हा दहा-बारा जणांना जाळ्या देऊन अँटॉप हिलला पाठवलं. नाकतोडे पकडायला. तिथं तेव्हा सरकारी वसाहतींच्या मागे उतारावर चांगलं गवत होतं. आम्ही पोरं गुडघाभर गवतातून उड्या मारतोय आणि वरच्या मजल्यांवरून बायका बघतायत. एक बाई ओरडल्या, ‘काय रे, काय हरवलं काय तुमचं?’ सुहास म्हणाला, ‘नाकतोडे पकडतोय काकू!’ त्यांनी सरळ खिडकी लावून घेतली.

नर नाकतोड्याच्या पोटातून वृषण काढायचे, काचेवर लाल रंगाच्या थेंबात ठेवायचे, वर पातळ काच, तिच्यावर टिपकागद, आणि मग अंगठ्यानं दाबायचं. काच जरा सरकली की मेहनत वाया. जमलं तर सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं दिसतात, गुलाबी, आखूड, कात्रीनं कापलेल्या दोऱ्यांच्या तुकड्यांसारखी. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी श्वास घ्यायचा विसरलो होतो. हे एवढंसं, आणि यावर ठरतं की हा नाकतोडा नर होणार! मी मोजायला लागलो. तेवीस भरली. परत मोजली, तेवीस. गुणसूत्रं जोडीजोडीनं असतात हे मला ठाऊक होतं, अर्धी आईकडून, अर्धी बापाकडून, म्हणजे आकडा सम हवा. मी समजलो की दाबताना एक माझ्या हातून सटकलं. जर्नलमध्ये चोवीस लिहिलं आणि चित्रात सुटं राहिलेल्या एकाशेजारी आणखी एक काढून जोडी पुरी केली. बाई फिरत फिरत आल्या, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, बराच वेळ बघितलं, मग जर्नल बघितलं.

‘स्लाइड सुरेख झालीय,’ त्या म्हणाल्या. ‘चोविसावं कुठाय? दाखव मला.’

‘ते सरकलं बहुतेक, मॅडम.’

‘सरकलं नाही. नाहीच आहे.’ त्या माझ्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. ‘मादीत चोवीस असतात. नरात तेवीस. त्या एकाला जोडीदार नसतो, आणि नसतो म्हणूनच तो नर होतो. तुला दिसलं होतं, दिनेश. दिसूनसुद्धा तू भर घातलीस. जेवढं दिसतं तेवढं लिहायचं. नाही ते नाही.’

त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच लागलं. पण त्या दिवसापासून या विषयानं मला जे धरलं ते सोडलं नाही. माणसात आईकडून नेहमी एक्स येतं, बापाकडून एक्स नाहीतर वाय, आणि त्यावर मुलगी की मुलगा ठरतो. कोंबड्यांत नेमकं उलटं, तिथं ठरवणारी कोंबडी, फुलपाखरांतही मादीच. नाकतोड्यात दुसरं काही नसून, एक कमी असणं हेच नर असणं. काही कासवांत तर ह्यातलं काहीच नाही, अंडी पुरलेली वाळू किती तापली त्यावर पिल्लं नर की मादी ते ठरतं. एकच काम, आणि ते करायच्या इतक्या तऱ्हा! देवळात जाऊन माझे हात कधी आपोआप जुळले नाहीत, पण हे वाचताना मनातल्या मनात जुळत.

घरी जेवताना मी ही सगळी विद्या ओतत असे. बापाकडून ठरतं हे ऐकलं तेव्हा आईचा घास हातातच राहिला.

‘खरं सांगतोस?’

‘पुस्तकात आहे. स्लाइडवरही दिसतं.’

‘मग आधी का नाही बोललास?’ जणू मी ते कपाटात लपवून ठेवलं होतं. सूतिकागृहात मुलगी झाली म्हणून भिंतीकडे तोंड करून रडणाऱ्या बाया ती रोज बघत होती. दुसऱ्याच दिवशी तिसऱ्या मुलीवर तोंड पाडून व्हरांड्यात बसलेल्या एका बापाला तिनं सुनावलं, ‘तिच्यावर काय डाफरतोस? तू दिलंस तेच तिनं तुला दिलं.’ मेट्रननं तिला बोलावून समज दिली. आई घरी येऊन म्हणाली, ‘समज दिली तर दिली. त्या पोरीनं माझा हात धरला होता.’ माझी आई फारशी बोलणारी नव्हती. त्या दिवशी मला तिचा फार अभिमान वाटला.

वर्षाच्या शेवटी कोतवालबाईंनी प्रदर्शन भरवायचं ठरवलं. आसपासच्या म्युनिसिपल शाळांतली मुलं येणार, म्हणून तक्ते सगळे मराठीत. शेवटच्या दिवशी पालकांनाही बोलावणं. नर-मादीचा विषय माझ्याकडे आला. चार तक्ते, माणूस, नाकतोडा, कोंबडी आणि मधमाशी. माझं अक्षर डॉक्टरसारखं, त्यामुळे लिहायचं काम आजोबांकडे. चाळीतल्या फळ्यावरच्या सगळ्या सूचना तेच लिहीत; शाळा चौथीपर्यंतच, पण बोरूनं लिहिलेलं त्यांचं अक्षर छापल्यासारखं यायचं. रविवारी दुपारी खोलीतली चटई गुंडाळून त्यांनी तक्ते जमिनीवर पसरले, चष्मा कानाला दोऱ्यानं बांधला आणि लिहायला बसले. समजल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही ही त्यांची अट. कोंबडीचा तक्ता समजावला तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली. ‘म्हणजे कोंबडो होतलो काय तलंग, तां कोंबडी ठरवता? वा गे बाय!’

मधमाशीच्या तक्त्यावर मी एका नर माशीची वंशावळ काढली होती. चौकोनांत नर माशी, वर एकीकडे तिची आई म्हणजे राणी, शेजारी त्या नराचे वडील, आणि राणीच्या वर आजी-आजोबा. चौकोन मी शाईनं काढून रंगवूनही टाकले होते. आजोबांनी माझं टिपण वाचायला घेतलं. राणीमाशीत गुणसूत्रं बत्तीस, नर माशीत सोळा. राणीच्या अंड्यात सोळा जातात. नराच्या बीजातही सोळाच; ते त्या अंड्याला मिळालं तर मादी होते. बीज न मिळता अंडं तसंच वाढलं तर नर. ते वाचत राहिले, बोटांवर काहीतरी मोजत राहिले. बोरू शाईत बुडवला आणि तसाच ठेवून दिला.

‘ह्यां चुकलां,’ ते म्हणाले.

‘काय चुकलं?’

‘राणी अर्धे देता, म्हणजे सोळा. नराकडे सोळाच, ते तो सगळे देता. सोळा नि सोळा बत्तीस. बत्तीस झाले की मादी, असां तूच लिवलंस. मगे ह्या नराकडे सोळाच आसत.’ त्यांनी वडलांच्या चौकोनावर बोट ठेवलं. ‘ह्यो खंयसून इलो?’

चाळीस वर्षं ताण्याचे धागे मोजलेल्या माणसानं पाच मिनिटांत जे पकडलं होतं, ते मी आठवडाभर वाचून, पाठ करून, स्वतःच्या हातानं लिहूनही चुकवलं होतं. बीज न मिळालेल्या अंड्यातून नर होतो हे लिहिलं मीच, आणि त्याच नराला रंगवून बाप बसवला तोही मीच. नाकतोड्याच्या वेळी मी भर घातली होती, तशीच इथेही. आईच्या शेजारचा चौकोन रिकामा असू शकतो हे माझ्या हाताला पटतच नव्हतं.

‘ब्लेड आण,’ आजोबा म्हणाले.

‘रिकामं फार वाईट दिसेल, आजोबा.’

‘कोणाक?’

‘बघणाऱ्यांना.’

‘बघणारे बघतले नि जातले.’ ते ब्लेडनं हलक्या हातानं शाई खरवडायला लागले, कागद फाटू न देता, पाटीवरचं पुसावं इतक्या निवांतपणे. ‘माशीचां काय अडलां? उडता मां?’

ते माझ्याकडे बघतही नव्हते. हे ते माशीबद्दल बोलत होते की आणखी कशाबद्दल, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चौकोन गेला, तिथं कागद जरा खरखरीत राहिला. मग त्यांनी विचारलं, ‘राणीक बापूस होतो?’

‘होता. ती मादी, तिला दोघंही असतात.’

‘मगे तो ह्याचो आजो.’ त्यांनी चष्मा वर केला. ‘बापूस नाय, पण आजो आसा. मजा आसा हां.’ आणि राणीच्या वरच्या एका चौकोनात त्यांनी ‘आजोबा’ हा शब्द लिहिला. तो बाकीच्या शब्दांपेक्षा थोडा मोठा आला होता. माझ्या ते लक्षात आलं, पण मी तसंच राहू दिलं.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला अजून लाज वाटते. शेवटच्या दिवशी पालक येणार हे मी घरी सांगितलं नव्हतं. सुहासनं विचारलं होतं, ‘तुझे बाबा येणार ना रे? बोट लागतेय म्हणालास.’ मी म्हटलं होतं, उशीर होतोय तिला. आई कामावर होती. आजोबांना मी म्हणालो होतो की गर्दीत तुम्हाला त्रास होईल, आणि ते म्हणाले होते, ‘माका तरी खंय वेळ आसा.’ त्यामुळे दुपारी हॉलच्या दारात काळी टोपी, कोट आणि परीटघडीचं धोतर अशा थाटात ते उभे दिसले तेव्हा मी आधी सुहास कुठे उभा आहे ते बघितलं. ते मान उंच करून तक्ते शोधत होते. आपलं अक्षर भिंतीवर लागलेलं त्यांना बघायचं होतं, बस. मी दिसताच त्यांनी हात वर केला.

‘कोण रे ते आजोबा?’ सुहास म्हणाला. ‘तुला हात करतायत.’

‘ते? आमच्या शेजारी राहतात,’ मी हळूच म्हणालो. ‘अक्षर चांगलंय म्हणून तक्ते लिहून घेतले त्यांच्याकडून.’

मधे सगळा हॉल होता. शाळेच्या मुलांचा असा गलका होता की सुहासलासुद्धा मला ऐकायला वाकावं लागलं. आजोबांचा वर गेलेला हात खाली आला. तो का खाली आला हे कळायला मला एक क्षण लागला. मग आठवलं, की ह्या माणसाला ऐकायला कान लागतच नाहीत.

ते सावकाश चालत आले. चेहऱ्यावर राग शोधला तर तो नव्हता; अनोळखी घरी गेलेला माणूस जसा जरा अंग चोरून उभा राहतो तसे ते तक्त्यांपाशी उभे राहिले. तेवढ्यात कोतवालबाई आल्या आणि त्यांनी विचारलं, ‘हे अक्षर तुमचं का? इतकं सुंदर अक्षर मी छापखान्यातसुद्धा बघितलं नाही. तुम्ही दिनेशचे कोण?’

मी तोंड उघडलं होतं. खरं सांगायला की खोटं, ते आज मला सांगता येणार नाही. पण त्याआधीच ते म्हणाले, ‘शेजारी. यांच्या बाजूच्या खोलीत ऱ्हातो. यांनी सांगितलं, मी लिवलं.’

यांनी. मला. ज्यांनी मला तिसऱ्या वर्षापासून काटे काढून मासे भरवले ते मला अहोजाहो करत होते, माझं खोटं मोडू नये म्हणून. त्यांनी एक कानाखाली दिली असती तर मी सुटलो असतो.

तेवढ्यात मुलांचा एक घोळका मधमाशीच्या तक्त्यापाशी येऊन थांबला. समजावून सांगायचं काम माझं होतं, पण मी मागे सरकलो. कोतवालबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्या आजोबांना म्हणाल्या, ‘काका, लिहिलंत तुम्ही, तर सांगाही तुम्हीच.’ आजोबांनी टोपी सारखी केली. आणि मग साचेखात्यातला तो आवाज त्या हॉलमध्ये असा घुमला की दुसऱ्या तक्त्यांपाशी उभी असलेली मुलंही तिकडे वळली. त्यांनी पोरांना बोटांवर मोजायला लावलं, सोळा नि सोळा किती, बत्तीस, म्हणजे कोण, मादी, आणि नुसते सोळा म्हणजे? ‘नर!’ पोरं ओरडली. जी गोष्ट समजायला मला आठवडा लागला ती त्यांनी तिसरी-चौथीच्या पोरांच्या गळी पाच मिनिटांत उतरवली. पुढे वर्गात मी हा भाग दर वर्षी शिकवला, आणि दर वर्षी त्यांच्यासारखाच, बोटांवर शिकवला.

‘म्हणजे त्याला पप्पा नाहीच?’ पुढे उभ्या असलेल्या एका मुलीनं विचारलं. दोन घट्ट वेण्या, तेल लावलेल्या, कोपरापाशी उसवलेला गणवेश.

‘नाय,’ आजोबा म्हणाले. ‘आवस आसा, आजो आसा.’

‘मग शाळेत तो कुणाचं नाव लावतो?’

पोरं खिदळली. सुहासही हसला. ती मुलगी हसत नव्हती. ती तक्त्याकडेही बघत नव्हती, आजोबांच्या तोंडाकडे बघत होती आणि उत्तराची वाट बघत होती. असं उत्तर कोण मागतं ते मला ठाऊक होतं. आठवीत असताना मला ते कोणी दिलं असतं तर माझी ती बोट कधी पाण्यात उतरलीच नसती. आजोबांनाही ते कळलं असणार. त्यांनी हातानं माझ्याकडे दाखवलं आणि म्हणाले, ‘तां ह्यांका विचार, बाय. मी नुसतो लिवणारो.’

ती माझ्याकडे वळली.

‘आजोबांचं,’ मी म्हणालो. ‘आजोबांचं नाव लावतो. मीही आता तेच लावणार आहे. हे माझे आजोबा. शेजारी नाहीत. माझे वडील बोटीवर नाहीत, ते आम्हाला सोडून गेले. मला यांनी वाढवलं.’

हे मी मुलीला सांगितलं, पण सांगताना तोंड आजोबांकडे केलं होतं, त्यांना ओठ दिसावेत म्हणून. सुहासचं हसू तसंच तोंडावर राहून गेलं होतं. त्यानं माझ्या दंडाला धरलं आणि सोडलं नाही. आजोबांनी कोटाच्या खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, डोळ्याला लावला, परत काढून पुसला. त्या मुलीचं मात्र अजून समाधान झालं नव्हतं.

‘आणि आजोबा मेले की मग?’ तिनं विचारलं.

‘ए, असं विचारतात का?’ मागून त्यांच्या मास्तरीणबाई ओरडल्या. पण आजोबा खाली वाकले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, थेट तिच्या तोंडासमोर, आणि मोठ्यानं हसत होते.

‘मी मेलंय तरी लावचां,’ ते म्हणाले. ‘मी काय परत मागूक येतलंय?’